खुनी कोण ते आठवत नाही, कविता उलगडत नाही. मग वाचनकट्ट्यावर बोलायचं काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी पन्नाशीतली, ठाण्यात राहते, नोकरीला मुंबईत जाते. आमच्या वसाहतीत महिन्यातून एकदा वाचनकट्टा भरतो. प्रत्येकाने अलीकडे वाचलेल्या पुस्तकावर १० मिनिटं बोलायचं असतं. गेल्या ३ महिन्यांत मी ७ रहस्यकादंबऱ्या आणि २ कवितासंग्रह वाचले. रहस्यकादंबरी रात्री हातात घेतली की संपवूनच झोपते, पण आठवड्याभराने खुनी कोण होता तेही आठवत नाही. कवितासंग्रह सकाळी लोकलमध्ये वाचते. शब्द कळतात, पण आत काही होत नाही. मागच्या कट्ट्यावर कादंबरीची गोष्ट सांगता सांगता माझ्याकडून शेवट फुटला. एक सभासद नाराज झाल्या, कारण त्यांनी तेच पुस्तक नुकतं वाचनालयातून आणलं होतं. कवितांबद्दल मी 'छान आहेत, मनाला भिडतात' एवढंच बोलले, तेही मलपृष्ठावरचं. त्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, 'रहस्यकथा म्हणजे नुसता वेळ घालवणं. कवितेला वेगळी बुद्धी लागते.' आता कट्ट्याच्या दिवाळी अंकासाठी 'मी अलीकडे काय वाचलं' यावर ६०० शब्द द्यायचे आहेत. रहस्यकथा सोडून द्याव्यात का? की माझ्यात कविता वाचायची कुवतच नाही?

ताई,

आधी त्या ज्येष्ठ सभासदांचं वाक्य घेऊ, कारण पत्रभर तेच तुम्हाला टोचताना दिसतं. रहस्यकथेची बुद्धी एक आणि कवितेची दुसरी, ही वाटणी साहित्याच्या इतिहासात टिकत नाही. आधुनिक डिटेक्टिव्ह कथेची सुरुवात १८४१ साली एडगर ॲलन पो यांच्यापासून धरतात, आणि पो कवी होते. त्यांच्या १८४४ सालच्या 'द पर्लॉइन्ड लेटर' या कथेत पॅरिसच्या पोलीसप्रमुखाला चोरलेलं पत्र काही केल्या सापडत नाही. चोर हा एक मंत्री, आणि तो कविता करतो म्हणजे अर्धवटच असणार, असं पोलीसप्रमुख धरून चाललेला असतो. कथेतला डिटेक्टिव्ह द्युपँ, त्याला मात्र पत्र सापडतं, कारण चोर कवीही आहे आणि गणितीही, म्हणूनच त्याचं डोकं चालतं, हे त्याने ओळखलेलं असतं. सेसिल डे-लुईस १९६८ ते १९७२ या काळात ब्रिटनचे राजकवी होते, आणि निकोलस ब्लेक या टोपणनावाने १९३५ पासून डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिणारेही तेच. कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी १९४८ सालच्या निबंधात डिटेक्टिव्ह कथांचं आपल्याला व्यसन आहे असं उघड लिहिलं, आणि कथा संपली की ती आपण विसरून जातो हेही लिहिलं. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांनी वाचनाची गोडी लावली असं सांगणारे वाचक आजही भेटतात. तेव्हा रहस्यकथा सोडू नका. आणि खुनी विसरलात म्हणून मनाला लावूनही घेऊ नका.

आता तुमच्या पत्रात न लिहिता गृहीत धरलेली एक गोष्ट. पुस्तकावर बोलायचं म्हणजे एकतर गोष्ट सांगायची, नाहीतर पुस्तकाला गुण द्यायचे, असं तुम्ही समजता. रहस्यकथेला तुम्ही पहिलं केलंत आणि शेवट फुटला. कवितेला दुसरं केलंत आणि दोन वाक्यांत विषय संपला. वाचताना कुठल्या पानावर, कुठल्या ओळीपाशी तुमचं काय झालं, हे सांगणं या दोन्हींहून वेगळं आहे. कुणावर संशय आला, कुठे मागे वळून पाहिलंत, कुठल्या ओळीवर आवाज अडखळला, हेच कट्ट्यावर ऐकायला लोक येतात. गोष्ट त्यांना पुस्तकातच मिळणार असते. हे सगळं वाचताना तुमच्या मनात नक्की घडलं असणार. लिहून ठेवलं नाही म्हणून ते निसटलं.

रहस्यकथेच्या बाबतीत ते निसटतं फार लवकर, आणि त्याला कारण आहे. निकाल कळला की तो आपल्याला आधीपासूनच ठाऊक होता असं माणसाला वाटू लागतं. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली हे प्रयोगांनी दाखवलं. शेवटचं प्रकरण वाचलं की 'मला वाटलंच होतं' हे वाक्य आपोआप तोंडात येतं, आणि त्याआधी ज्या तिघांवर तुम्ही खरोखर संशय घेतला होता ते पुसले जातात. रात्री एका बैठकीत पुस्तक संपवलं की पुसायला तर वेळच लागत नाही. म्हणून रहस्यकथेची नोंद शेवट वाचायच्या आधी करायची.

पद्धत साधी आहे. जुन्या बिलाच्या पाठीमागे मावेल एवढा कागद पुस्तकात ठेवा. मोबाइलवर लिहू नका. एकदा मोबाइल हातात आला की माणूस परत पुस्तकात येईलच असं नाही. पहिल्या ३० पानांत जी पात्रं येतात त्यांची नावं आणि नातं दोन-दोन शब्दांत लिहून घ्या: 'सुमती, धाकटी सून', 'डॉ. केळकर, शेजारी'. आठ-दहा नावं पुरतात. अनुवादित कादंबरी असेल तर हे आवर्जून करा. परकी नावं शंभराव्या पानापर्यंत एकमेकांत मिसळतात, मग वाचक संशय घ्यायचा सोडून नुसता पुढे ढकलला जातो, आणि उलगडा झाल्यावर 'हा कोण बरं?' असं होतं. तुम्हाला खुनी आठवत नाही त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

मग दोनदा थांबायचं. २४० पानांचं पुस्तक असेल तर एकदा साधारण साठाव्या पानाशी आणि एकदा १८०च्या आसपास, म्हणजे तपास करणारा सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करायच्या आधी. प्रत्येक थांब्यावर तीन ओळी. पहिली: संशय कुणावर, आणि कुठल्या पानावरच्या कशामुळे. दुसरी: कुणावर अजिबात संशय नाही, आणि का नाही. तिसरी: काय खटकलं पण कशात बसत नाही.

यातली दुसरी ओळ कधीही गाळू नका. पहिल्या ओळीत तुमची हुशारी दिसते, दुसरीत तुम्ही दिसता. म्हातारी बाई, घरातला जुना गडी, प्रेमळ डॉक्टर, लहान मूल, ज्याला सगळे हसतात असा विनोदी मामा, यांना आपण परस्पर सोडून देतो. लेखकाला ते माहीत असतं आणि तो नेमका त्याचाच फायदा घेतो. 'मी या माणसावर संशय घेतला नाही, कारण तो आजारी होता आणि आजारी माणूस मला निरुपद्रवी वाटतो', ही खरी वैयक्तिक प्रतिक्रिया झाली. त्या पात्राचं नाव न घेता, पुस्तक न फोडता, त्यावर पाच मिनिटं बोलता येतं. फक्त बोलताना 'आजारी माणूस' हे सांगायचं नाही. 'एका प्रकारच्या माणसाला मी नेहमी सोडून देते' इथे थांबायचं.

एक नमुना जवळून पाहू. एका काल्पनिक रहस्यकथेतलं हे वाक्य समजा: 'टेबलावर पानाचा डबा, औषधाची बाटली, चष्म्याचं बंद घर, सव्वानऊला थांबलेलं घड्याळ आणि एक चुरगळलेलं पाकीट होतं.' मयत वकील आरामखुर्चीत आहे, मांडीवर वर्तमानपत्र उघडं आहे. पुढची तीन प्रकरणं सगळे त्या घड्याळावर आणि पाकिटावर वाद घालतात. वाचकही घालतो, कारण थांबलेलं घड्याळ दिसलं की रहस्यकथेत त्याला काहीतरी अर्थ असतो हे तो शिकलेला असतो. खरी गोम चष्म्यात आहे. चष्मा घरात बंद असेल, तर वकील वर्तमानपत्र वाचत नव्हते. ते कुणीतरी नंतर मांडीवर ठेवलं. लेखकाने सुगावा यादीच्या मधोमध ठेवला आणि वाचकाचं लक्ष यादीच्या शेवटाकडे वळवलं. अशा कथेवर तुमची नोंद 'उत्कंठावर्धक' अशी असेल तर वाया गेली. 'मी घड्याळामागे गेले, आणि मी तसंच जाणार हे लेखकाला ठाऊक होतं' अशी असेल तर ऐकणारा लगेच कान टवकारतो.

पुस्तक संपल्यावर लगेच काही लिहू नका. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन दहा-पंधरा मिनिटं मागे जा आणि एवढंच तपासा: फसवलं गेलं की हरवलं गेलं? उलगड्यात वापरलेली प्रत्येक गोष्ट आधीच्या पानांवर होती का? होती, तर लेखकाने तुम्हाला सरळ डावात हरवलं, त्याला दाद द्या. नव्हती, शेवटच्या प्रकरणात अचानक एखादं जुनं पत्र किंवा जुळा भाऊ उपटला, तर तुमची नाराजी रास्त आहे आणि ती कारणासकट मांडा. रोनाल्ड नॉक्स या लेखकाने १९२९ साली अशा कथांचे १० नियम लिहिले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा, डिटेक्टिव्हला सापडलेला सुगावा वाचकालाही तत्काळ दिसायला हवा, जुळी माणसं तयारीशिवाय आणायची नाहीत, अशा गोष्टी त्यात आहेत. नियम म्हणून ते पुढे अनेकांनी मोडले, मोडून उत्तम पुस्तकंही लिहिली. पण 'मला फसवल्यासारखं का वाटलं' याचं उत्तर शोधायला आजही ते कामाला येतात.

हा निकष सगळ्याच रहस्यकथांना मात्र लावू नका. काही कथांत खुनी पहिल्याच प्रकरणात दिसतो, आर. ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२ सालच्या कथासंग्रहात हा प्रकार आणला. तिथे 'कोण' हा प्रश्नच नसतो, तो सापडतो कसा हे पाहायचं असतं. काहींमध्ये 'का' एवढंच महत्त्वाचं असतं. पुस्तक कुठल्या प्रश्नावर उभं आहे ते दुसऱ्या थांब्यापर्यंत ओळखून कागदावर लिहा. 'का'च्या पुस्तकाला 'कोण'ची फूटपट्टी लावली की पुस्तकावर अन्याय होतो आणि तुमचाही हिरमोड.

तुमच्या हातून शेवट फुटला, त्याबद्दल. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड या दोन संशोधकांनी दाखवलं होतं की शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना किंचित जास्तच आवडल्या, त्यात रहस्यकथाही होत्या. पण तो प्रयोग छोट्या कथांवरचा होता, आणि तुमच्या सभासदांनी काही तुम्हाला परवानगी दिली नव्हती. त्यांना एकदा मनापासून सॉरी म्हणा आणि विषय संपवा. पुढच्या वेळी पुस्तकाच्या पहिल्या पाचव्या भागात जे घडतं तेवढंच मोकळेपणाने सांगा: जागा, माणसं, गुन्हा, तपास करणारा. त्यापुढचं नाही. आणि शेवट न सांगताही तो फुटतो, ते असं. 'शेवटी जबरदस्त धक्का आहे' म्हटलं की ऐकणारा पहिल्या पानापासून साध्या माणसावर नजर ठेवतो. पाच संशयितांपैकी चौघांबद्दल बोलून पाचव्याला गाळलं की झालंच. सगळ्यात घातक म्हणजे तुलना: 'याचा शेवट अमुक कादंबरीसारखा आहे' या एका वाक्यात दोन पुस्तकं जातात. सगळ्यांनी वाचलेल्या पुस्तकाच्या शेवटावर बोलायचंच असेल, तर ते कट्ट्याच्या अखेरीला ठेवा आणि न वाचलेल्यांना चहाला जाऊ द्या.

आता कविता. इथे मला तुमचं वेळापत्रक आधी बदलावंसं वाटतं. रहस्यकथेला तुम्ही रात्रीचा निवांत वेळ देता, दिवा देता, उशी देता. कवितेच्या वाट्याला सकाळची लोकल येते, एक हात कडीला आणि लक्ष उतरायच्या स्टेशनाकडे. लोकलमध्ये कवितेचं एक काम होऊच शकत नाही: ती मोठ्याने म्हणता येत नाही. तेव्हा दोघांची अदलाबदल करा. रहस्यकथा गाडीत न्या. ती गर्दीतही माणसाला धरून ठेवते, आणि उतरताना आपोआप थांबा मिळतो. रात्री झोपण्यापूर्वी २० मिनिटं कवितेला द्या, एका वेळी तीन कविता, चारच्या वर नाही. साठ कवितांचा संग्रह एका बैठकीत उरकला की दहाव्या कवितेनंतर सगळ्यांचा एकच आवाज होतो आणि 'छान आहेत'पलीकडे काही उरत नाही. हा तुमच्या कुवतीचा प्रश्न नाही. पट्टीच्या वाचकाचंही असंच होतं.

एक कविता तीनदा वाचा. पहिल्यांदा मनात, न थांबता, न कळलेला शब्द आला तरी पुढे. दुसऱ्यांदा मोठ्याने. ओळ संपते तिथे अर्धा श्वास थांबा, मग वाक्य तिथे संपलेलं नसलं तरी चालेल. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. न कळलेले शब्द दुसऱ्या वाचनानंतर बघा, आधी नाही. जुन्या किंवा बोलीतल्या शब्दांना मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश अजूनही उपयोगी पडतो, त्याची १८५७ सालची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर फुकट पाहता येते.

मोठ्याने का, ते सगळ्यांना पाठ असलेल्या तुकोबांच्या ओळींत पाहा: 'सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया'. बोटांवर अक्षरं मोजा: ६, ६, ६, ४. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, विटेवरी आणि कटावरी, आणि चौथा चरण दोन अक्षरं आखूड राहतो. आवाज सहाच्या तयारीत असतो आणि चारवर थांबतो. त्या थांबण्यात विठ्ठल स्थिर उभा राहतो. हे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळतं. मुक्तछंदात अक्षरांचा असा हिशेब नसतो, पण ओळ कुठे तोडायची हा हिशेब असतोच, आणि तोही जिभेलाच आधी लागतो.

आता 'आत काही होत नाही' याकडे येऊ. कवितेने पहिल्याच फटक्यात काळजाला हात घालावा अशी तुमची अपेक्षा आहे, आणि तसं झालं नाही की तुम्ही स्वतःला नापास करता. काही कविता तसं करतात. बऱ्याच कविता आधी एक छोटी गोष्ट खटकवून ठेवतात. उदाहरणासाठी रचलेल्या या सहा ओळी घ्या:

दुपारी आईचा फोन येतो.
पाऊस आहे का तिकडे, विचारते.
मी म्हणते, आहे.
खिडकीबाहेर ऊन
आणि दोरीवर
वाळलेले कपडे.

यावर पटकन येणारी प्रतिक्रिया म्हणजे 'आई-मुलीच्या नात्यावरची हृदयस्पर्शी कविता'. ती चूक नाही, पण ती कविता न वाचताही देता आली असती. पेन्सिल घेऊन बसा. कोण बोलतंय? मुलगी. कुणाशी? आईशी, आणि मग ओळ बदलल्यावर आपल्याशी. कविता वळते कुठे? तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये. तिथे मुलगी खोटं बोलली हे आपल्याला कळतं, आईला नाही. आता कपडे. ते नुसते दोरीवर नाहीत, वाळून तसेच राहिलेत. कुणी काढले नाहीत. मुलीने दिवसभर काय केलं असेल? पाऊस आहे असं का सांगितलं असेल? बाहेर पडता येत नाही, यायला जमणार नाही, याची सबब म्हणून? की आईच्या गावी पाऊस आहे आणि तिला सोबत वाटावी म्हणून? कविता सांगत नाही. तुम्हाला सात रहस्यकादंबऱ्यांची सवय आहे ताई. सुगावा हेरणं, बोलणाऱ्यावर लगेच विश्वास न ठेवणं, यादीतल्या साध्या वस्तूकडे पाहणं तुम्हाला येतं. तेच इथे लावा. फरक एवढाच की शेवटच्या पानावर कुणी सगळ्यांना गोळा करून उलगडा करणार नाही, आणि तुम्ही दिलेलं कारण शेजारणीच्या कारणापेक्षा वेगळं असलं तरी दोन्ही टिकू शकतात, जोवर ओळींत त्याला आधार आहे.

आधार हा शब्द मी मुद्दाम वापरते. कवितेवर बोलताना वाचक सर्वांत जास्त घसरतो तो इथे: कवितेतला एक शब्द त्याला स्वतःची आठवण करून देतो आणि मग तो कविता सोडून आठवणच सांगत बसतो. आठवण येणं चांगलंच आहे, पण स्वतःला विचारा, 'हे मला कुठल्या शब्दामुळे वाटलं?' बोट ठेवता आलं तर ती कवितेची प्रतिक्रिया. नाही आलं तर ती तुमची आठवण आहे. सांगा, पण तसं म्हणून सांगा. तसंच, कवितेतला 'मी' म्हणजे कवी किंवा कवयित्री स्वतः, असं धरू नका. पुरुष कवी स्त्रीच्या तोंडून बोलतो, तरुण कवी म्हाताऱ्याच्या. हे धरलं की चर्चा कवितेवरून कवीच्या संसारावर जाते आणि कट्ट्याचा वेळ तिथेच संपतो.

कवितेची नोंदही तीनच ओळींची: आवाज कुठे अडला, कुठला शब्द मला सुचला नसता, काय मला अजून माहीत नाही. अर्थ लिहू नका. अर्थ लिहायला बसलं की आपण शाळेतल्या रसग्रहणाकडे जातो, आणि तिथे सगळ्यांची उत्तरं सारखी असतात. त्यापेक्षा आवडलेली कविता वहीत हाताने उतरवा, ओळी जशा तोडल्या आहेत तशाच. वाचताना न दिसलेली गोष्ट उतरवताना दिसते, कारण 'आणि दोरीवर' एवढंच लिहून हात खाली न्यावा लागतो. एखादी कविता तीन वाचनांनंतरही बंदच राहिली तर खूण करून सोडा, महिन्याभराने पाहा. तेव्हाही नाही उघडली तर कट्ट्यावर बिनदिक्कत सांगा, 'ही मला चौथ्या ओळीपर्यंत कळते, पाचवीपाशी मी बाहेर राहते.' कुणीतरी त्या पाचव्या ओळीबद्दल बोलेलच.

उरला लेख. सात कादंबऱ्या आणि दोन संग्रह ६०० शब्दांत कोंबू नका. ती यादी होईल. एक कादंबरी घ्या आणि एक कविता. कादंबरीची ओळख ६०-७० शब्दांत संपवा. मग २५० शब्द एकाच थांब्यावर खर्च करा: साठाव्या पानावर तुम्हाला काय वाटत होतं आणि त्यातून तुमची स्वतःची कुठली सवय तुम्हाला दिसली. हा भाग सांगितला तरी शेवट फुटत नाही. जुन्या सातपैकी कुणाचीच चिठ्ठी तुमच्याकडे नाही, तेव्हा लेखासाठी आठवं पुस्तक घ्या, शक्यतो नव्या लेखकाचं. एकाच लेखकाची पुस्तकं ओळीने वाचली की युक्त्या ओळखीच्या होतात आणि प्रतिक्रिया बोथट. उरलेले साधारण २५०-३०० शब्द कवितेला द्या. दोघांना जोडणारा पूल बांधायचा खटाटोप नको. मध्ये एक ओळ मोकळी सोडा, वाचक चालत येतो.

पहिला खर्डा झाला की 'छान', 'अप्रतिम', 'खिळवून ठेवणारी', 'अंतर्मुख करणारी', 'काळजाला भिडणारी' हे शब्द शोधून खोडा, आणि प्रत्येक खोडलेल्या जागी पानाचा किंवा ओळीचा उल्लेख घाला. उल्लेख सुचला नाही तर ते वाक्यच जाऊ द्या. मलपृष्ठ बाजूला ठेवून लिहा. ते पुस्तक विकायला लिहिलेलं असतं आणि त्याची वाक्यं नकळत हातात येतात.

एक व्यवहाराची गोष्ट, कारण अंक छापला जाणार असेल तर संपादकांना ती विचारावी लागेल. कवितेच्या दोन-चार ओळी कवीचं आणि संग्रहाचं नाव देऊन उद्धृत करायला हरकत नसते. पूर्ण कविता छापायची असेल तर परवानगी घ्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्व हक्क राहतो, आणि प्रकाशकाला पाठवलेल्या साध्या ईमेलनेही पुष्कळदा काम होतं. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून कविता आत्ताच ठरवा.